किलोमागे ८६ पैसे

ऑक्टोबर २०२४ मध्ये नाशिक जिल्ह्यातून निघालेली 'कांदा एक्सप्रेस' दिल्लीच्या किशनगंज स्टेशनात पोचली. ४२ वॅगन आणि त्यांत सरकारी साठ्यातला १,६०० टन कांदा. त्या वेळी केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने हिशोब दिला होता तो असा: एक रेक, म्हणजे अशी अख्खी मालगाडी, नाशिकहून दिल्लीला रेल्वेने नेला तर ७०.२० लाख रुपये, तोच माल ५६ ट्रकांतून नेला तर ८४ लाख. रेकमागे १३.८० लाख वाचले. १६ लाख किलोंवर वाटले तर किलोला ८६ पैसे होतात.

कांद्याच्या धंद्यात ८६ पैसे ही हसण्यावारी न्यायची रक्कम नाही. तरी लासलगाव, पिंपळगाव, चांदवडच्या खळ्यांवर, म्हणजे व्यापाऱ्यांच्या कांदा भरायच्या आवारांत, रोज उभे असतात ते ट्रकच. लांबच्या पूर्वेकडच्या बाजारांसाठी व्यापारी एकत्र येऊन रेक भरतात, नाही असं नाही, पण रोजचा धंदा रस्त्यावरच चालतो. याची ठरलेली उत्तरं सगळ्यांना पाठ आहेत: रेल्वे सुस्त आहे, ट्रान्सपोर्टवाल्यांची लॉबी आहे, हमाल अडून बसतात. मला हे तिन्ही आरोप अर्धवट वाटतात. या साखळीतला जवळजवळ प्रत्येक जण आपापला हिशोब बरोबर करतो. घोळ एवढाच की वाचलेला पैसा एकाच्या खिशात जातो आणि त्यासाठी करावा लागणारा खर्च दुसऱ्याच्या माथी बसतो. या दोघांची कधी गाठही पडत नाही.

कांद्याच्या एका गोणीमागून चालत गेलं की हे दिसतं. ट्रकने माल जातो तेव्हा गोणीला दोनदा हात लागतो. खळ्यावर शिवून ट्रकमध्ये चढते आणि दिल्लीच्या आझादपूर बाजारात उतरते. रेल्वेने जाताना तीच गोणी खळ्यावर ट्रकमध्ये चढते, रेल्वेच्या मालधक्क्यावर उतरून थप्पीला लागते, थप्पीतून वॅगनमध्ये जाते, दिल्लीत वॅगनमधून उतरते, पुन्हा ट्रकमध्ये चढते आणि शेवटी बाजारात उतरते. दोनाचे सहा हात झाले. किलोला ८६ पैसे म्हणजे ५० किलोच्या गोणीला ४३ रुपये. ज्याला दारापासून दारापर्यंत माल पोचवायचा आहे त्याने या ४३ रुपयांतून चार जादा हमाल्या आणि दोन्ही टोकांचं ट्रकभाडं भागवायचं. वर ते आखूड भाडं किलोमीटरवर ठरत नाही. खळं ते धक्का अंतर १५ किलोमीटर असलं तरी गाडी भरायला, रांगेत थांबायला आणि रिकामी व्हायला अर्धा दिवस मोडतो. गाडीवाला पैसे घेतो ते या अर्ध्या दिवसाचे. शिवाय कांदा जितक्या वेळा आपटतो तितका सडतो, ती घट वेगळीच.

आता मालधक्क्यावर रेक लागला आहे असं समजू. पूर्ण रेक भरायला किंवा रिकामा करायला रेल्वे साधारण नऊ तास फुकट देते. घड्याळ सुरू होतं ते रेक धक्क्याला लागला त्या क्षणी, मग पहाटेचे दोन वाजलेले का असेनात. १,६०० टन म्हणजे ३२,००० गोण्या, वॅगनमागे साडेसातशेच्या वर. वॅगनला सहा हमाल धरले तर २५२ माणसं एकाच वेळी लागतात आणि नऊ तासांत प्रत्येकाच्या डोक्यावरून सव्वासहा टनांहून जास्त माल जातो. हा झाला कांदा, जो फुगीर आहे. सिमेंट किंवा खत असेल तर तसल्याच वॅगनमध्ये ६० टनांहून जास्त बसतं. तिथे माणशी दोनशेहून जास्त गोण्या, दहा टनांवर. अडीचशे माणसं रात्री दोन वाजता एका तालुक्याच्या स्टेशनावर मिळत नाहीत. मिळाली तरी पुढचा रेक चार दिवसांनी किंवा दहा दिवसांनी लागणार असेल तर ती मधल्या काळात खाणार काय? म्हणून निम्म्या माणसांवर काम चालतं, नऊ तासांचे सोळा होतात, रेक अडवल्याचा दंड म्हणजे डेमरेज लागतं, आणि माल धक्क्यावरून वेळेत हलला नाही तर जागा अडवल्याचं वार्फेज. त्यात धक्का उघडा असला, पावसाची सर आली आणि ताडपत्र्या कमी पडल्या, तर १३.८० लाखांतलं किती उरलं ते विचारू नये.

याच्याही आधीचा प्रश्न मात्र मालकीचा आहे. लासलगावचा व्यापारी दिवसाला एक-दोन गाड्या, मोठा असेल तर पाच-दहा गाड्या माल घेतो. त्याची एक गाडी दिल्लीला, एक पाटण्याला, एक गुवाहाटीला. वाटेत असताना दिल्लीचा भाव पडला तर फोन करून गाडी आग्र्याला किंवा कानपूरला फिरवतो. ही सोय त्याच्या धंद्याचा कणा आहे. त्याला ४२ वॅगन एकाच ठिकाणी, एकाच दिवशी उतरवायला लावलं तर दोन गोष्टी होतात. त्याची सगळी रक्कम एकाच डावावर लागते, आणि १,६०० टन माल एकदम आल्याने ज्या भावावर हिशोब केला होता तोच पडतो. रुपया-दोन रुपये भाव घसरला की ८६ पैसे कुठल्या कुठे. सरकारी कांद्याचं गणित जुळलं कारण मालक एक होता, माल साठ्यातला होता आणि भाव खाली आणणं हाच हेतू होता.

मग रेल्वेने दोन-चार वॅगनचा माल घ्यावा की. पूर्वी घेत होतीच. लहान स्टेशनावर दोन वॅगन भरायच्या, मार्शलिंग यार्डात त्या तोडून-जोडून वेगवेगळ्या गाड्यांना लावायच्या, पुढच्या यार्डात पुन्हा तेच. वॅगन चालायची कमी आणि यार्डात उभी राहायची जास्त. १९८० च्या दशकापासून रेल्वेने हे बंद करत आणलं आणि एका ठिकाणी भरून दुसऱ्या ठिकाणी रिकामा होणारा अख्खा रेक हा नियम केला. फळ दिसलंच. वॅगन एकदा भरल्यापासून पुन्हा भरेपर्यंतचा काळ १९९०-९१ मध्ये साडेअकरा दिवसांच्या आसपास होता, तो वीसेक वर्षांत पाच दिवसांवर आला. तेवढ्याच वॅगनमध्ये दुपटीहून जास्त फेऱ्या! कोळसा, लोहखनिज, सिमेंट, अन्नधान्य यांना हे अगदी मापात बसतं, आणि रेल्वेच्या वार्षिक मालात वजनाने निम्मा तर कोळसाच असतो. रेल्वेचा हा निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. पण त्याने वाण्याचा, कापडाचा, यंत्रांच्या सुट्या भागांचा माल ट्रककडे कायमचा गेला. नंतर २० वॅगनचे मिनी रेक आले, दोन ठिकाणी रिकामे होणारे रेक आले, पण तोवर लहान स्टेशनांतल्या सायडिंग, म्हणजे माल भरायचे बाजूचे रूळ, उखडल्या गेल्या होत्या, शंटिंगची माणसं निवृत्त झाली होती आणि व्यापाऱ्यांच्या पुढच्या पिढीला मालधक्का कुठे आहे हेही माहीत नव्हतं.

लहान मालाचा आणि ठरलेल्या वेळेचा प्रयोग अलीकडे झाला तो किसान रेलचा. ७ ऑगस्ट २०२० ला देवळाली ते दानापूर पहिली गाडी सुटली. पार्सल डबे, वेळापत्रक, वाटेतल्या स्टेशनांवर थोडा-थोडा माल चढवायची मुभा. डाळिंब, केळी, कांदा, सिमला मिरची सगळं गेलं. भाड्यात ५० टक्के अनुदान होतं. अनुदान थांबलं आणि गाड्या ओसरल्या. थोडा माल, ठरलेली वेळ आणि वाटेतले थांबे या तिन्हींना खर्च येतो, आणि ट्रकवाला तो खर्च स्वतःची झोप मोडून भरतो, हे यातून कळलं.

मालगाडीला वेळापत्रक नसतं हा मुद्दा बाहेरच्यांना किरकोळ वाटतो. देशात मालगाडीचा सरासरी वेग ताशी २५ किलोमीटरच्या आसपास राहत आला आहे, आणि तो ऐकून लोक हसतात. पण ट्रकचंही फार वेगळं नसतं. मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या परवान्याची, ई-वे बिलाची, मुदत बघा. १ एप्रिल २०१८ ला सुरुवात झाली तेव्हा १०० किलोमीटरला एक दिवस होता, २०२१ पासून २०० किलोमीटरला एक दिवस. कायदाच ट्रकला दिवसाला २०० धरतो. तेव्हा खरी अडचण वेगाची नाही. इंडेंट, म्हणजे रेकची मागणी, भरल्यावर रेक मंगळवारी लागेल की शुक्रवारी, हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. समोरच्या खरेदीदाराला तारीख लागते. तारीख देता आली नाही की त्याला आठवडाभराचा जादा साठा ठेवावा लागतो, आणि त्या साठ्यात अडकलेल्या पैशाचं व्याज रेल्वेच्या भाड्यात कुठे दिसत नाही.

आता रस्त्याकडे या. गोदामात फोर्कलिफ्ट आहे, उंच रॅक आहेत, माल पॅलेटवर, म्हणजे फोर्कलिफ्टने उचलायच्या लाकडी फळीवर, आहे. पण तोच माल ट्रकमध्ये भरताना पॅलेट सोडवायचं, एकेक खोका हाताने हौद्यात रचायचा, पलीकडच्या गोदामात उतरवून पुन्हा पॅलेटवर चढवायचा. भिवंडीच्या कुठल्याही डॉकवर, म्हणजे गोदामाच्या माल चढवायच्या ओट्यावर, तासभर उभं राहिलात तर हे दिसेल. पहिल्यांदा बघणाऱ्याला वेडेपणा वाटतो, पण कारणं मापांत आहेत. आपल्याकडे बरेच ट्रक नुसत्या चेसिसवर घेतले जातात आणि हौदा गावातला बॉडीवाला बांधतो. १४ फुटी, १७ फुटी, १९, २०, २२, २४, ३२ फुटी. कुणाचा फाळका बाजूने उघडतो, कुणाचा फक्त मागून. जमिनीपासून हौद्याची उंची गाडीगणिक वेगळी, आणि डॉक मात्र साधारण चार फुटांवर बांधून ठेवलेला. मधल्या फटीवर लोखंडी पत्रा टाकून फोर्कलिफ्ट नेणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. आणि हे सगळं जमलं तरी पॅलेट कुणाचं? भिवंडीहून नागपूरला गेलेलं लाकडी पॅलेट २०-२५ किलोचं असतं, हौद्यातली १५ सेंटिमीटर उंची खातं, आणि रिकामं परत आणायचं भाडं कुणीच देत नाही. पाठवणारा म्हणतो पोचलं तिथे पैसे द्या, घेणारा म्हणतो आम्ही मागवलं होतं का? त्यापेक्षा खोके हाताने रचलेले स्वस्त पडतात.

मापांची ही कैद फक्त आपलीच नाही. समुद्री कंटेनर बाहेरून ८ फूट, म्हणजे २.४३८ मीटर रुंद असतो. अमेरिकेत १९५६ च्या एप्रिलमध्ये माल्कम मॅक्लीनच्या 'आयडियल एक्स' जहाजावरून नेवार्क ते ह्यूस्टन ५८ पेट्या गेल्या, तेव्हा तिथल्या रस्त्यांवर गाडीची रुंदी ८ फुटांपर्यंतच चालत असे. पुढे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं तेही तेवढंच. पत्रे आणि पन्हळी वजा जाता आतली रुंदी उरते २.३५ मीटर. जगात सगळीकडे चालणारं १.२ मीटर लांबीचं पॅलेट लांबीच्या बाजूने दोन शेजारी ठेवायचं तर २.४० मीटर लागतात. पाच सेंटिमीटर कमी पडतात! म्हणून एक आडवं एक उभं करत २० फुटी कंटेनरमध्ये १.२ बाय १ मीटरची १० पॅलेट बसवतात आणि उरलेल्या फटीत हवा भरलेल्या पिशव्या कोंबतात. अमेरिकेने १९८२ मध्ये रस्त्यावरची रुंदी साडेआठ फूट केली. ज्या कायद्यामुळे ८ फूट ठरलं तो कायदा गेला, समुद्री कंटेनर मात्र ८ फुटीच राहिला. कारण तोवर जहाजांच्या पोटातले खण, बंदरातल्या क्रेनचे पंजे, ट्रेलरच्या खिट्ट्या आणि रेल्वेच्या सपाट वॅगन सगळं ८ फुटांवर बेतलं गेलं होतं. पाच सेंटिमीटरसाठी हे सारं कोण बदलणार?

असला बदल एका झटक्यात झाल्याचं एक उदाहरण मला फार आवडतं. जपानमध्ये १७ जुलै १९२५ रोजी होन्शू बेटावरच्या रेल्वेने वॅगन एकमेकींना जोडणारे जुने स्क्रू कपलिंग काढून ऑटोमॅटिक कपलर बसवले. एका दिवसात. कित्येक वर्षं आधीपासून तयारी होती, नवे कपलर वॅगनखाली टांगून फिरवले जात होते, आणि त्या दिवशी मालगाड्या थांबवून अदलाबदल केली. हे जमलं कारण रेल्वे सरकारची, आणि वॅगन देशाबाहेर जात नव्हत्या. युरोपात वॅगन देशोदेशी फिरतात, मालक शेकडो, त्यामुळे तिथे आजही मालगाडीच्या दोन डब्यांमध्ये माणूस शिरतो आणि हाताने स्क्रू आवळतो.

आपल्या रस्त्यांवर या प्रकारचा बदल झाला तो फास्टॅगचा. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून टॅग नाही तर दुप्पट टोल, असा नियम लागू झाला. टॅग स्वस्त, ट्रकमध्ये काही बदलावं लागत नाही, आणि वेळ वाचतो तो पैसे देणाऱ्याचाच. असं तिन्ही बाजूंनी जुळणं दुर्मीळच म्हणायचं.

हमालीचं मात्र याच्या नेमकं उलट आहे. महाराष्ट्रात माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा १९६९ चा. अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या चळवळीचं ते फळ. त्याआधी डोक्यावर ओझी वाहणाऱ्याला ना फंड होता, ना रजा, ना कुणी मालक. कायद्याने मंडळं आली, टोळ्यांची नोंदणी झाली, मालकाने मजुरी आणि वरची लेव्ही मंडळात भरायची आणि मंडळाने वाटायची अशी पद्धत बसली. मजुरी नगावर किंवा वजनावर. आता तिथे कन्व्हेयर लावा, पॅलेट आणा, म्हणजे गोणीमागचा दर तुटतो, टोळीचं उत्पन्न घटतं आणि वाचलेला पैसा गोदामवाल्याला मिळतो. टोळीने विरोध केला तर तो आडमुठेपणा कसा? बचतीत वाटा ठरवून दिला तर बोलणं होऊ शकतं, पण त्या टेबलावर बसायला गोदामवाले सहसा तयार नसतात. माथाडीच्या नावाखाली कुणीही टोळकं घेऊन वसुलीला येतं, ही तक्रार खरी आहे आणि ती पोलिसांची बाब आहे. दोन्ही गोष्टी एकाच तराजूत टाकू नयेत.

खरी मेख आहे वाराईत. गाडी खाली करायची मजुरी ड्रायव्हरच्या गळ्यात पडते. 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही महाराष्ट्रातल्या वाहतूकदारांची जुनी मागणी आहे आणि ती फक्त पैशांची नाही. खाली करायचा खर्च आणि थांबल्याचा तोटा दोन्ही गाडीवाल्याचे असतील, तर माल घेणाऱ्याने डॉक का वाढवावा, रात्रपाळीला माणसं का ठेवावीत? त्याच्या दारात आठ गाड्या उभ्या असणं म्हणजे त्याच्यासाठी चाकांवरचं फुकट गोदाम आहे. कागदावर थांबण्याचा चार्ज असतो, पण लहान गाडीवाल्याच्या हातात तो क्वचितच पडतो.

आणि बहुतेक गाडीवाले लहानच आहेत: एक, दोन, फार तर पाच गाड्या. नाशिक-दिल्लीचं भाडं वरच्याच हिशोबाने गाडीला दीड लाख येतं. भरलेली गाडी लिटरला साडेतीन किलोमीटर देते असं धरलं तर जायलाच साडेतीनशे लिटर डिझेल लागेल, म्हणजे तीस हजारांवर रुपये. टोल, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. महिन्याचा हप्ता डोक्यावर असलेल्या माणसाकडे ही रोकड नसते. ती दलाल देतो. गाडी भरली की भाड्याच्या ८०-९० टक्के अ‍ॅडव्हान्स, उरलेलं पोच आल्यावर. तिकडे कारखाना ट्रान्सपोर्टचं बिल ६० ते ९० दिवसांनी देतो. मधले पैसे फिरवतो तो ट्रान्सपोर्ट ऑफिसवाला आणि त्याच्या खालचा दलाल. गेल्या दहा-बारा वर्षांत दलाल हटवायला निघालेली बरीच अ‍ॅप आली. भाडं आणि गाडीची गाठ त्यांनी उत्तम घातली, पण ती गाठ घालणं हे दलालाचं सगळ्यांत सोपं काम होतं. रात्री अकराला डिझेलचे पैसे टाकणं, माल ओला निघाला किंवा तूट आली तर दोन्ही बाजूंच्या शिव्या खाऊन तडजोड करणं, नाक्यावर अडकलेली गाडी सोडवणं, आणि परतीचं भाडं मिळेपर्यंत ड्रायव्हरला धीर देणं हे अ‍ॅपमध्ये नव्हतं. ज्यांनी नंतर उधारीची सोय घातली ती अ‍ॅप हळूहळू दलालासारखीच वागायला लागली, कमिशनसकट.

भिवंडीचंही असंच. मुंबईत जकात होती तोवर जकातनाक्याबाहेर, ग्रामपंचायतीच्या हद्दीत गोदाम ठेवणं शहाणपणाचं होतं. माल तिथे उतरवायचा आणि विकला जाईल तेवढाच शहरात आणून जकात भरायची. माणकोली, दापोडे, पूर्णा, काल्हेर, राहनाळ भागातले गाळे त्या हिशोबाने वाढले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. कारण संपलं, पण गोदामं उठली नाहीत, उलट वाढली. कारण आता तिथे परतीचं भाडं मिळतं, टोळ्या आहेत, टायरवाला, स्प्रिंगपाटेवाला, इलेक्ट्रिशियन, ढाबा सगळं दोन किलोमीटरांत आहे. जुने गाळे बुटके आहेत, आतले रस्ते असे की ३२ फुटी गाडी वळवायला क्लिनरला खाली उतरावं लागतं. दहा मिनिटांवर नवं, उंच, रुंद रस्त्याचं गोदाम रिकामं असलं तरी एकटा माणूस तिकडे जात नाही. गाडीवाला म्हणतो, तिथून परतीचं भाडं काय? त्यात ठाणे आणि मुंबईत जड गाड्यांना ठरावीक तासांतच शिरता येतं. सगळ्यांचं वेळापत्रक त्या तासांवर बेतलेलं असतं, आणि ते बदललं की सगळ्यांनाच बदलावं लागतं.

वरून नियम बदलला तर काय होतं, याचा नमुना जुलै २०१८ मध्ये मिळाला. केंद्राने एक्सलचं वजन वाढवलं: चार टायरच्या एकेरी एक्सलला १०.२ टनांचे ११.५, जोड एक्सलला १९ चे २१, मोठ्या ट्रेलरला एकूण ४९ चे ५५ टन. ओव्हरलोडिंगला रीतसर रूप मिळालं, टनामागे डिझेल कमी लागलं. पण माल तेवढाच आणि जागा मात्र जास्त झाली, म्हणून भाडी दबली. त्याच वर्षी कर्ज काढून नवी गाडी घेतलेल्याचा हप्ता काही दबला नाही. पुढच्या वर्षी ट्रकची विक्री कोसळली, त्यामागे मंदीबरोबर हेही एक कारण होतं. फायदा गेला माल पाठवणाऱ्यांकडे. रेल्वेच्या सिमेंट-पोलादासारख्या मालाला ट्रकची टक्कर आणखी जवळून बसली. आणि हे त्याच देशात, जिथे २०३० पर्यंत रेल्वेचा वाटा २७ टक्क्यांच्या आसपासवरून ४५ टक्क्यांवर न्यायचं ध्येय राष्ट्रीय रेल्वे योजनेत लिहिलेलं आहे.

त्या ध्येयासाठीची खरी बांधणी म्हणजे समर्पित, फक्त मालगाड्यांसाठीचे मालवाहतूक मार्ग. पश्चिमेचा, दिल्लीजवळच्या दादरीपासून मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरापर्यंत, साधारण १,५०० किलोमीटर. २५ टन एक्सलभार, आणि विजेची तार साडेसात मीटरवर, म्हणजे एकावर एक दोन कंटेनर ठेवून गाडी जाते. साधी ४५ वॅगनची कंटेनर गाडी २० फुटी ९० पेट्या नेते. जानेवारी २०२१ मध्ये या मार्गावर दीड किलोमीटर लांबीची दुमजली गाडी धावली. पण साध्या मार्गांवर तार साडेपाच मीटरच्या आसपास असते, तिथे दुमजली गाडी शिरूच शकत नाही. त्यामुळे असा मार्ग शेवटच्या स्टेशनापर्यंत पुरा होईस्तोवर त्याचा पुरता उपयोग नसतो. आणि सगळ्यांत उशिरा राहिला तो वैतरणा ते जेएनपीटी हा आपल्याकडचा तुकडा: दाट वस्ती, खाड्या, डोंगर, भूसंपादन. जेएनपीटीचे पाचातले चार कंटेनर आजवर रस्त्यानेच येत-जात आले आहेत. मार्ग पुरा झाला तरी पुणे, नाशिक, संभाजीनगरचे कंटेनर त्यावर येतील असं मला वाटत नाही. तीन-चारशे किलोमीटरच्या आत दोन्ही टोकांची क्रेन आणि ट्रेलर मिळून रेल्वेतली बचत खाऊन टाकतात. दिल्ली, पंजाब, राजस्थानचे कंटेनर येतील.

फारसा गाजावाजा न होता टिकलेला बदल आहे कोकण रेल्वेचा. २६ जानेवारी १९९९ पासून रायगडमधलं कोलाड ते गोव्यातलं वेर्णा, पुढे कर्नाटकातल्या सुरतकलपर्यंत रो-रो सेवा. भरलेला ट्रक सपाट वॅगनवर चढतो, चाकांना ठोकळे आणि साखळ्या लागतात, ड्रायव्हर-क्लिनर गाडीतच झोपतात आणि पलीकडे उतरून आपल्या वाटेने जातात. इंजिनिअरच्या नजरेने हे अडाणीपणाचं आहे, कारण १६-१८ टन मालासाठी १०-१२ टनांचा ट्रकही वाहून न्यावा लागतो. पण गोणीला एकही जादा हात लागत नाही, दलालाची उचल तशीच राहते, पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला कळतही नाही, घाटातलं डिझेल आणि टायर वाचतात ते थेट ट्रकमालकाचे, आणि भाडंही तोच भरतो. खर्च आणि बचत एकाच खिशात. मुंबई-गोवा महामार्गाच्या रखडलेल्या चौपदरीकरणाने या सेवेला जी मदत केली तीही विसरून चालणार नाही.

मर्यादा तिलाही आहेत. वरची तार आणि बोगदे यांमुळे उंच रचलेला माल चालत नाही, रेक भरेपर्यंत कोलाडला थांबावं लागतं, आणि जिथे रस्ता सपाट आणि चांगला आहे तिथे ट्रकवाला चढायलाच येत नाही. तरी एखाद्या कारखान्याने किंवा शेतकरी कंपनीने माल रेल्वेकडे वळवायचं मनात आणलं, तर मी आधी हेच बघायला सांगेन: अंतर सातशे-आठशे किलोमीटरच्या वर आहे का, गाडीचा वार ठरलेला आहे का, दोन्ही टोकांची हमाली आणि ट्रेलर कुणाच्या नावावर पडणार ते करारात लिहिलं आहे का, आणि रिकामी पेटी परत आणायचं भाडं धरलं आहे का. भाड्याच्या दोन आकड्यांची तुलना त्यानंतर. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असतं, आणि ट्रक पुन्हा दारात येतो.